नऊ मीटर खोल, नऊ अंश गार: वडोदऱ्याच्या एका डायव्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांची ही हकिकत आहे त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. भाचीचं पाहून आम्हीही म्हणू लागलो आणि तेच नाव राहिलं. वय तेव्हा छप्पन्न. दांडिया बाजारात तीन पिढ्यांचं घर, नोकरी शहराबाहेरच्या एका रासायनिक कारखान्यात, देखभाल विभागात. गेली तीस वर्षं ते सकाळी सहाला लालबागच्या तरणतलावात असतात, पाऊस असो की थंडी. त्यांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

मी पोहणं शिकवते आणि स्कुबाची प्रशिक्षक आहे. वडोदऱ्यात समुद्र नाही. खंभातचं आखात जवळ आहे, पण ते इतकं गढूळ की तिथे डाइव्ह करायचा विचारही कुणी करत नाही. त्यामुळे आमची मंडळी तलावात शिकतात, मग तारकर्लीला नाहीतर अंदमानला जाऊन खऱ्या पाण्यात उतरतात. मामाही असेच शिकले. ही घटना घडली तोवर त्यांच्या वहीत बावीस डाइव्ह होते, सगळे सत्तावीस ते एकोणतीस अंशांच्या पाण्यातले. शांत माणूस, श्वास संथ, सिलिंडर नेहमी सगळ्यात शेवटी संपणार. अशा विद्यार्थ्याची काळजी वाटत नाही, आणि या प्रकरणातली पहिली चूक तिथेच आहे.

मामांना बुडालेल्या जहाजांचं वेड लहानपणापासूनचं. त्यांच्या आजोबांनी त्यांना ‘वैतरणा’ची गोष्ट सांगितली होती. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघालेली ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि माणसांसकट नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. ती कुठे बुडाली, हे आजवर सापडलेलं नाही. “जी सापडलीच नाही ती कशी पाहणार? निदान एखादी सापडलेली तरी हाताने शिवून पाहू दे,” असं ते म्हणायचे. भाचीला स्कॉटलंडमध्ये नोकरी लागली आणि ती तिथे डायव्हिंग शिकली, तेव्हा हे बोलणं फोनवरून सुरू झालं आणि थांबलंच नाही.

अडचण काय होती

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये स्कापा फ्लो नावाचा नैसर्गिक बंदरासारखा समुद्र आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन आरमाराची चौऱ्याहत्तर जहाजं तिथे अडकवून ठेवली होती. २१ जून १९१९ रोजी ॲडमिरल फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून जर्मन खलाशांनी ती स्वतःच बुडवायला घेतली आणि त्यांतली बावन्न तळाला गेली. बहुतेक पुढे भंगारासाठी वर काढली गेली. आज सात मोठी जहाजं तळाशी आहेत आणि जगभरचे डायव्हर ती पाहायला येतात.

मामांना अर्थात तीच पाहायची होती. पण ती पंचवीस ते पंचेचाळीस मीटर खोल आहेत आणि तिथलं पाणी मेअखेरीसही आठ-नऊ अंशांवर असतं. बावीस डाइव्ह केलेल्या माणसाने तिथे उतरायचं नसतं. यावर आमचा वाद झाला नाही, मामांनाही ते पटलं होतं. प्रश्न वेगळा होता. आयुष्यात कधी थंड पाण्यात न उतरलेल्या, ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा, आत हवा असलेला सूट) अंगाला न लावलेल्या, वडोदऱ्यात राहून तो लावण्याची सोयही नसलेल्या माणसाला सहा दिवसांच्या सहलीत एक तरी जुनं जहाज सुखरूप कसं दाखवायचं?

कोणते पर्याय होते

भाची, मी आणि मामा असे तिघं तीन-चार रविवार बोलत होतो. पहिला पर्याय खोल जहाजांचा, तो लगेच बाद झाला. मामांनी ‘रॉयल ओक’बद्दल विचारलं. जर्मन पाणबुडी यू-४७ ने १३ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री स्कापा फ्लोत शिरून, १४ तारखेच्या पहाटेआधी बुडवलेली ही ब्रिटिश युद्धनौका. आठशेहून जास्त माणसं तिच्याबरोबर गेली. ती युद्धसमाधी मानली जाते आणि तिथे डायव्हिंगला बंदी आहे. मामा म्हणाले, “मग विचारलं हेच चुकलं,” आणि तो विषय तिथेच संपला.

‘रॉयल ओक’वरूनच तिसरा पर्याय निघाला. पाणबुडी पूर्वेकडच्या अरुंद खाडीतून आत आली होती. तिथे वाट अडवायला जुनी जहाजं बुडवलेली होती, पण त्यांच्यामधून तिला फट सापडली. त्यानंतर चर्चिल यांच्या आदेशाने बेटांच्या मधल्या खाड्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बुजवायचं ठरलं. या कामावर इटालियन युद्धकैदी होते. चार बांध झाले आणि १९४५ च्या मे महिन्यात त्यांवरून रस्ता खुला झाला. बांध होण्याआधी तातडीचा उपाय म्हणून आणखी जहाजं बुडवली होती. ती आजही बांधांच्या पायथ्याशी आहेत, काही भरतीच्या वेळी दहा-बारा मीटर पाण्यात, काहींचा सांगाडा पाण्याबाहेर. बांधांमुळे तिथला प्रवाह जवळजवळ थांबला आहे आणि बोटीशिवाय, रस्त्याकडेला गाडी लावून पाण्यात जाता येतं.

तिसऱ्या बांधाजवळच्या ‘एम्पायर सीमन’ची गोष्ट वाचून मामा हरखले. मूळचं ‘मोरिया’ नावाचं जर्मन मालवाहू जहाज. १९४० मध्ये ब्रिटिश आरमाराने ते पकडलं, नाव बदललं आणि त्याच वर्षी खाडीत नेऊन बुडवलं. “शत्रूचंच जहाज शत्रूच्या वाटेत!” हे त्यांनी मला निदान चार वेळा सांगितलं असेल.

चौथा पर्याय भाचीने हळूच मांडला: डाइव्ह नकोच, ड्रायसूट घालून वरूनच पोहायचं, मास्क आणि स्नॉर्कलने जहाज पाहायचं. पाणी स्वच्छ असतं, पाच-सहा मीटरवरचं लोखंड वरूनही दिसतं. आम्ही दोघांनी तिला बोलूच दिलं नाही. मामांना ते लहान मुलांचं काम वाटलं. मला वाटलं, नऊ-दहा मीटर म्हणजे तसंही काय, आपल्या डाइव्हिंगच्या तलावापेक्षा थोडं खोल. हा वाक्प्रयोग त्या वेळी मी फोनवर केला होता, भाचीच्या लक्षात आहे.

इथे थोडं थांबून उथळपणाचं गणित सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण याच्यावर उभं आहे. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. तिसाव्या मीटरवरून पंचविसाव्यावर आलं तर सूटमधली हवा सुमारे चौदा टक्के फुगते. दहावरून पाचवर आलं तर तेहतीस टक्के, आणि पाचवरून पृष्ठभागावर आलं तर दीडपट. म्हणजे वरखाली होण्याची खरी ओढाताण उथळ पाण्यातच असते. अंगाला चिकटून बसणाऱ्या साध्या वेटसूटमध्ये हवा मुख्यतः तरंगण्यासाठीच्या जॅकेटमध्ये असते, सवयीचा डायव्हर ती नकळत सांभाळतो. ड्रायसूटमध्ये सगळं अंगच हवेच्या पिशवीत असतं. ती हवा एका झडपेने, डाव्या दंडावरच्या, बाहेर सोडायची असते. नवशिक्यासाठी उथळ पाणी श्वासाच्या हिशेबाने सोपं, पण ड्रायसूटच्या हिशेबाने सगळ्यात अवघड. मला हे माहीत होतं. मी ते शिकवतेही. पण ‘नऊ मीटर’ हा आकडा ऐकला की मनात आपोआप ‘सोपं’ हा शब्द उमटतो, आणि तो माझ्याही मनात उमटला.

वडोदऱ्यातली तयारी

ड्रायसूट नव्हता, तर जे जमेल ते करायचं ठरवलं. मामांनी तलावात जास्त वजन लावून सराव केला. जाड हातमोजे घालून मास्क काढणं, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं साधन) बदलणं, जॅकेटची बटणं दाबणं हे सगळं शंभर वेळा झालं. मग त्यांनीच युक्ती काढली: बर्फाची लादी. बर्फाच्या फॅक्टरीतून अर्धी लादी आणायची, अंगणातल्या मोठ्या टबात फोडून टाकायची, थर्मामीटरने नऊ अंश झाले की मोजे घालून दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवायचे आणि घड्याळ लावायचं. बर्फवाला म्हणायचा, “काका, शेरडीचा (उसाचा) रस काढायला घेतला काय?”

पंचवीस मिनिटांनीही मामांची बोटं बटण दाबत होती. आम्ही खूश होतो. भाचीला व्हिडिओ पाठवले.

काय चुकलं ते आता स्पष्ट दिसतं. तो एप्रिल होता, बाहेर चाळीसच्या वर ऊन. मामा बनियनवर बसलेले, हात नऊ अंशांत आणि बाकी सगळं शरीर तापलेलं. शरीर गरम असलं की ते हातांना रक्त पाठवत राहतं, उलट तेवढीच उष्णता टाकायला बघतं. समुद्रात मात्र अंग आधी गारठतं. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेतं, मग शरीर आतले अवयव सांभाळण्यासाठी बोटांचं रक्त आखडतं. टबातले पंचवीस आणि समुद्रातले पंचवीस यांत काही नातं नव्हतं. हा सराव कुणी करत असेल तर करू नका असं मी म्हणणार नाही, मोज्यांची सवय त्याने खरंच होते. पण त्यावरून वेळेचा अंदाज बांधू नका. आम्ही बांधला.

दुसरी गोष्ट अर्जाची. डाइव्हच्या आधी आरोग्याची प्रश्नावली भरायची असते. मामांच्या ओसरीवर बसून, चहा घेत, मी प्रश्न वाचत गेले आणि ते उत्तरं देत गेले. “रक्तदाब?” “नाही.” मी पुढच्या प्रश्नावर गेले. चार वर्षांपासून ते रोज एक गोळी घेत होते. नंतर विचारलं तेव्हा त्यांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, “गोळीने नॉर्मल असतं ना ताई, मग रक्तदाब कुठला?” आपल्याकडे अर्ध्या घरांत हेच उत्तर मिळेल. यात लबाडी नव्हती. प्रश्न विचारायची माझी पद्धत चुकली होती.

तिथले पहिले दोन दिवस

ठरलं होतं असं: पहिले दोन दिवस उथळ, आडोशाच्या खाडीत ड्रायसूटचा सराव, तिसऱ्या दिवशी जहाज, मग दोन दिवस राखीव. आम्ही पोचलो त्याच दिवशी पूर्वेचा वारा सुटला. पहिला दिवस वाया गेला. मामा खिडकीशी बसून पांढऱ्या लाटा पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी तिथल्या गाइडबरोबर एक सराव डाइव्ह झाला: पाच मीटर, पस्तीस मिनिटं. गाइड अनुभवी, बोलका नाही पण नजर चांगली. त्याने मामांना झडप दाखवली, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की बंद होते, उलट फिरवली की उघडते, ती पूर्ण उघडी ठेवायची. पाय वर जायला लागले तर गुडघे पोटाशी घेऊन कसं पलटायचं तेही करून घेतलं. मामांनी सगळं नीट केलं. फक्त बाहेर आल्यावर ओठ निळसर होते आणि ते नेहमीपेक्षा कमी बोलत होते.

त्या संध्याकाळचा निर्णय हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, म्हणून तो जसा झाला तसा लिहिते. हवामानाचा अंदाज सांगत होता की उद्या शांत, परवापासून पुन्हा वारा. राहिलेला सरावाचा डाइव्ह उद्या केला तर जहाज बहुतेक हुकणार. गाइड म्हणाला, दोन्ही चालेल. उद्या जहाजावर गेलो तर मी एकट्या मामांबरोबर उतरेन, वीस मिनिटं, नऊ मीटर, तुम्ही ठरवा. भाचीने मान खाली घातली होती. तिने सहा महिने पैसे साठवले होते आणि मला दिसत होतं की तिला “नको” म्हणायचं आहे, पण मामांच्या तोंडावर म्हणवत नाही. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “नऊच मीटर आहे. जाऊ या.”

कुणी दबाव टाकला नव्हता. तरी त्या खोलीत “नको” म्हणायला मोकळा असलेला एकही माणूस नव्हता. मामांना जहाज हवं होतं, भाचीला मामा हवे होते, मला माझा विद्यार्थी वडोदऱ्याहून इथवर आल्याचा अभिमान होता, आणि गाइडने निर्णय आमच्यावर सोपवला होता.

जहाजावरची एकोणीस मिनिटं

सकाळ स्वच्छ होती. पाणी नऊ अंश. मामा आणि गाइड ठोकळ्यांवरून सावकाश पाण्यात गेले. शेवाळाने ते ठोकळे साबणासारखे झालेले असतात, आम्ही दोघींनी दोन्ही बाजूंनी त्यांना धरलं होतं. मी आणि भाची किनाऱ्यावर थांबलो, ऑक्सिजनची पेटी आणि फोन जवळ. सिलिंडर बारा लिटरचं, हवेचा दाब २२० बार. पाण्यात खाली राहण्यासाठी लावलेलं वजन चौदा किलो. अंदमानात मामा पाच किलोवर उतरायचे.

पुढचं मी पाहिलेलं नाही, मामांनी आणि गाइडने सांगितलेलं आहे.

खाली दृश्यमानता आठेक मीटर होती. जहाजाच्या फासळ्या, मधूनच वाकलेले पत्रे, त्यांवर हाताएवढे रुंद, हलणारे केल्पचे (मोठ्या समुद्री शेवाळाचे) पट्टे, सांध्यांमध्ये मऊ पांढऱ्या प्रवाळाच्या मुठी. मामांनी एका फासळीवर मोज्यातला हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ते म्हणतात, तेवढ्यासाठी सगळं वसूल होतं. मी यावर वाद घालत नाही.

दहाव्या मिनिटाला गाइडने हवा विचारली. मामांनी १६० दाखवली. दहा मिनिटांत साठ बार. अंदमानच्या वेगाच्या दुपटीहून जास्त. त्यातली काही हवा सूटमध्ये जात होती, पण बाकीची फुप्फुसांत. गाइडने ते पाहिलं आणि हवा अजून पुष्कळ आहे म्हणून पुढे निघाला. आकडा पुरेसा होता, हे त्याचं बरोबरच. पण माणसाला ओळखणारा कुणी तिथे असता तर त्याला कळलं असतं की हे मामा नव्हेत. त्यांच्या श्वासाची गती ओळखणारी एकटी मी होते, आणि मी किनाऱ्यावर होते.

मामांच्या डाव्या हातात टॉर्च होता आणि थंडीने तो ते घट्ट आवळून धरत होते. मूठ आवळली की मनगटाच्या आतल्या बाजूचे स्नायुबंध वर येतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना खाचा पडतात आणि पाणी अडवणारी सूटची रबरी पट्टी तिथे चिकटत नाही. त्या खाचांतून पाणी आत झिरपायला लागलं. ते कोपरापर्यंत आलं तेव्हा मामांना वाटलं, डाव्या दंडावरची झडप गळते आहे. तर्क अगदी सरळ होता: डावी बाही ओली, झडप डाव्या बाहीवर. देखभाल विभागात आयुष्य काढलेला माणूस गळती दिसली की काय करणार? उजव्या हाताने त्यांनी झडप आवळून बंद केली.

गाइड दोन मीटर पुढे होता. त्याला हे दिसलं नाही.

अठराव्या मिनिटाला ते दोघं एका उंच पत्र्यावरून पलीकडे जायला निघाले. आठवरून साडेपाचवर. सूटमधली हवा फुगली, मामांना आपण उचलले जातो आहोत हे जाणवलं, शिकवल्याप्रमाणे त्यांनी डावा हात वर केला. हवा सुटली नाही. त्यांनी जॅकेटची हवा सोडायचं बटण शोधलं, पण बोटांना काहीच कळत नव्हतं, मोज्याआत लाकूड असल्यासारखं. चार मीटरवर पाय वर गेले. गाइडने वळून पाहिलं आणि झेप घेऊन घोटा धरला, तोवर उशीर झाला होता. दोघंही वर आले. पाच मीटरचं अंतर काही सेकंदांत.

त्या काही सेकंदांत मामा रेग्युलेटरमध्ये “आई गंऽऽ” म्हणून ओरडत होते. वर येताना श्वास रोखला तर एक-दोन मीटरमध्येही फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून आवाज काढत, हवा सोडत यायचं असतं. तलावात मी हे वर्षभर घोकून घेतलं होतं. त्यांना ते आठवलं नाही, ते नुसते घाबरून ओरडले. हवा मात्र बाहेर गेली.

किनाऱ्यावरचे निर्णय

भाचीला आधी दिसलं. गाइडने मामांचं जॅकेट फुगवून त्यांना पाठीवर ओढत आणलं. ते खोकत होते, श्वास लागला होता, डोळे मोठे झालेले. “काही नाही, पाणी गेलं घशात, थांबा, पाच मिनिटं द्या,” असं म्हणत होते.

पाच मिनिटं द्यायची की नाही, हा निर्णय तिथे घ्यायचा होता. खरंच घशात पाणी गेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त होती. पण वेगाने वर आलेल्या माणसाला खोकला आणि दम म्हणजे फुप्फुसाची इजा असू शकते. आणखी एक शक्यता माझ्या डोक्यात होती: थंड पाण्यात बुडलेल्या शरीराचं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि काही माणसांच्या फुप्फुसात पाणी साचतं. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि रक्तदाब असलेल्यांना याचा धोका जास्त. हे डाइव्ह उथळ असला तरी होतं आणि वर येण्याच्या वेगाशी त्याचा संबंध नसतो. तेव्हा मी त्यांना दुसऱ्यांदा विचारलं, वेगळ्या शब्दांत: “मामा, रोज कुठली गोळी घेता?” त्यांनी नाव सांगितलं. भाचीने माझ्याकडे पाहिलं.

ऑक्सिजन लगेच लावला. मामांना बसतं ठेवलं, झोपू दिलं नाही, कारण बसल्यावर दम कमी वाटत होता. ओला सूट वाऱ्याच्या आडोशाला कापून नव्हे, उतरवूनच काढला, कोरडे कपडे आणि ब्लँकेट घातलं. डायव्हिंगच्या आणीबाणीसाठी तिथे चोवीस तास डॉक्टरांचा सल्ला फोनवर मिळतो. गाइडने फोन लावला, वेळ, खोली, वर येण्याचा वेग, वय आणि गोळी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी इस्पितळात न्यायला सांगितलं. मामांनी तेव्हाही “एवढ्यासाठी कशाला?” म्हटलं. भाची पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

गाडीत बसताना गाइडने मला हाक मारून सूट दाखवला. झडप पूर्ण बंद होती. तोवर आम्हा कुणालाच कारण माहीत नव्हतं.

पुढे काय झालं

छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. रक्तदाब वर होता, १६८ ला ९८. मेंदूची किंवा संवेदनांची कुठलीही तक्रार नव्हती. त्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवलं आणि सकाळी सोडलं. डॉक्टरांचं म्हणणं असं की खारं पाणी श्वासनलिकेत गेलं असावं, पण फुप्फुसात थोडं पाणी साचून ऑक्सिजनने ओसरलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. या सहलीत पुन्हा डाइव्ह नाही, विमान लगेच नाही, आणि घरी गेल्यावर हृदयाची पूर्ण तपासणी.

उरलेल्या दिवसांत वारा होताच. शेवटच्या दुपारी आम्ही तिसऱ्या बांधावर गेलो. ओहोटी होती आणि ‘रेजिनाल्ड’ या जुन्या शिडाच्या जहाजाचा गंजलेला सांगाडा पाण्याबाहेर उभा होता. मामा रस्त्याच्या कठड्याशी उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, “ती पोरगी म्हणाली होती वरून पोहू या.” भाचीने ऐकलं, उत्तर दिलं नाही.

वडोदऱ्यात परतल्यावर इको आणि ताणचाचणी झाली. हृदय चांगलं निघालं. रक्तदाबाची गोळी बदलली, कारण घरी सकाळ-संध्याकाळ मोजल्यावर कळलं की तो ‘गोळीने नॉर्मल’ कधीच नव्हता. ही गोष्ट समुद्राशिवाय कदाचित उघडकीला आली नसती.

आता काय वेगळं करीन

झडपेची चूक मामांची, असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. एका डाइव्हच्या ओळखीवर कुणालाही नव्या सूटमधली गळती ओळखता येत नाही. दुसरा सराव डाइव्ह झाला असता तर बहुधा त्यातच मनगट ओलं झालं असतं, पाच मीटरवर, वाळूच्या तळावर, गाइड समोर असताना. तेव्हाच कुणीतरी सांगितलं असतं की टॉर्च आवळू नको, दोरीने मनगटाला अडकव. तो डाइव्ह वाऱ्याने नेला नाही. वाऱ्याने एक दिवस नेला, डाइव्ह आम्ही सोडला.

म्हणून माझा आताचा नियम असा: सरावाचा दिवस बुडाला तर तो मुख्य डाइव्हच्या खात्यातून वजा होतो, राखीव दिवसांतून भरून निघाला तर ठीक, नाहीतर जहाज राहिलं. हे निघण्याआधी वडोदऱ्यातच ठरवून लिहून ठेवायचं. तिथे पोचल्यावर, दोन लाख खर्चून, शांत समुद्र समोर दिसत असताना, कुणाच्याही हातून ते नीट ठरत नाही.

“नको” म्हणणारा माणूस सहलीबाहेरचा असावा, हेही मी आता पाळते. आमच्यातल्या एका जुन्या डायव्हरला रात्री फोन करायचा, आज काय झालं ते सांगायचं, उद्याचा बेत सांगायचा. त्याला जहाज पाहायचं नसतं, कुणाचं मन राखायचं नसतं. त्या संध्याकाळी त्याला नुसतं “ओठ निळे होते आणि मामा गप्प होते” एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं.

हवेच्या खर्चाचा आकडा मी गाइडला आधीच देते: या माणसाचा नेहमीचा वेग एवढा, दीडपट झाला की वळवा, सिलिंडरमध्ये कितीही शिल्लक असो. पहिल्या थंड डाइव्हला मी स्वतः सोबत उतरते. किनाऱ्यावर ऑक्सिजन सांभाळायला दुसरं कुणी मिळतं.

प्रश्नावली मी भरून घेत नाही. डॉक्टर भरतात. आणि “रक्तदाब आहे का?” असं न विचारता मी गोळ्यांची पाकिटं टेबलावर आणायला सांगते. पंचेचाळीसच्या पुढच्या किमान चौघांनी गेल्या दोन वर्षांत “काही नाही” म्हणून मग पाकीट आणलं आहे.

वरून पोहण्याचा पर्याय आता माझ्या यादीत सगळ्यात वर असतो. पहिल्या थंड सहलीत जहाज वरून पाहायचं, ड्रायसूटमध्ये, त्यातच मनगटं आणि मोजे कळतात. दुसऱ्या सहलीत खाली.

मामा पुन्हा तलावात येतात, सहाला. त्यांनी या वर्षी नवा अर्ज स्वतः मागून घेतला आणि गोळीचं नाव, मात्रा, सुरुवातीची तारीख आपल्या ठसठशीत अक्षरात लिहून आणली. डॉक्टरांची पुढची तपासणी मार्चमध्ये आहे. तोवर ड्रायसूटसाठी आगाऊ पैसे भरू नकोस, असं भाचीला मी कळवलं आहे, आणि तिने “भरले नाहीत” असं उत्तर पाठवलं आहे.